घरात चालते

बाबा गेल्यावर आईला आंघोळीला नेण्याचे काम माझ्याकडे आले आणि पहिल्याच खेपेला आम्ही दोघी बाथरूमच्या दारात पडलो. लागले कोणालाच नाही. आई उंबऱ्यावर, मी तिच्या खाली, आणि व्हीलचेअर मागच्या मागे घरंगळत जाऊन कपाटाला थडकलेली. आई म्हणाली, "आता आलोच आहोत तर इथेच पाणी ओत." आम्ही हसलो. मग तिला उचलून खुर्चीत बसवायला वरच्या मजल्यावरच्या मावशींना हाक मारावी लागली, तेव्हा हसू गेले.

आमची बाथरूम धडधाकट माणसांसाठी बांधलेली होती. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी वीतभर उंच उंबरा, आणि दार इतके अरुंद की खुर्ची आत घालायला गेले तर चाके चौकटीला घासत आणि चाकावरच्या हाताची सालटी निघत. बाबांनी त्यावर आपली एक पद्धत बसवली होती. ते खुर्ची उंबऱ्याला लावत, एक मोठा टॉवेल आईच्या पाठीमागून काखेखाली घेत, "चला बाईसाहेब" म्हणत आणि तिला उचलून आतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवत. तोल सांभाळायला त्यांचा डावा हात दर वेळी चौकटीवर एकाच जागी पडे. तिथे रंगावर पंजाचा काळपट डाग पडला होता. मी घर पुसायची तेव्हा त्याच्या कडेकडेने फडके फिरवायची.

आईच्या कण्यात गाठ झाली होती. ती काढली आणि गाठीबरोबर पायही गेले. पण असे आमच्या घरात कोणी म्हणत नसे. पाहुण्यांना बाबा सांगायचे, "ती जरा बसूनच असते हल्ली." जणू काही दमून टेकली आहे, उठेल थोड्या वेळाने.

पडल्यानंतर आईची आंघोळ बंद झाली. मी पलंगावरच तिचे अंग पुसून घेऊ लागले. बाकीच्या गोष्टींसाठी खोलीत भांडे आले. ते देताना आई भिंतीकडे तोंड करी आणि मी खिडकीकडे. एकदाच, भिंतीकडेच पाहत, ती म्हणाली, "माझ्या घरात माझं मला जाता आलं पाहिजे गं, तेवढ्यासाठी तरी." त्यानंतर तो विषय तिने काढला नाही.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात राहतो. त्याच्याकडे लिफ्ट आहे, रुंद दारे आहेत आणि माझ्या मते जरा जास्तच उत्साह आहे. आईला आपल्याकडे न्यायचे आणि हे घर विकून टाकायचे, असे त्याने बाबांच्या मागे लगेच सुचवले होते. शेवटी आमचे ठरले ते असे : अपंग माणसाच्या घरात बदल करायला सरकारी मदत मिळते, ती मिळाली तर उंबरा काढायचा, दार रुंद करायचे, भिंतीला धरायला दांड्या बसवायच्या, आणि आई इथेच राहील. नाही मिळाली तर आई त्याच्याकडे जाईल. आईला विचारले तर म्हणाली, "चालेल." कशाला चालेल, ते तिला कोणी विचारले नाही.

बाबांनी हयात असताना ही मदत मागू दिली नव्हती. "फुकट कोणी काही देत नाही," ते म्हणायचे. "आज येऊन बाथरूम मोजतील, उद्या आपल्याला मोजतील." पोस्टमनने बेल जरा जोरात वाजवली तरी त्यात काहीतरी असणार, असे मानणारे ते गृहस्थ. तेव्हा मी त्यांची चेष्टा करायची. अर्ज भरून दिला आणि त्यांचा तो स्वभाव, त्यांच्या चष्म्यासारखा, मलाच लागला.

सुरुवात एका फोनने झाली. मी औषधे घेऊन परत आले तर आईच्या मांडीवर फोन होता आणि चेहरा प्रसन्न.

"कोणाचा होता?"

"होता एका मुलाचा. कचेरीतून. फार गोड बोलत होता बाई. कशा आहात, घरी कोण कोण असतं, घरात कसं काय."

"कुठल्या कचेरीतून?"

"सांगितलं त्यानं. मी काय पाठ करत बसू?"

"बँकेचा खाते नंबर विचारला का?"

"नाही गं."

"ओटीपी?"

"तो कोण?"

मी त्या नंबरवर उलटा फोन लावला. लागेना. मग बँकेला फोन करून आईचे कार्ड बंद करून टाकले. "अगं, चांगला मुलगा होता," आई म्हणाली. सगळे चांगलेच असतात, मी म्हटले, आणि ऐकताना माझ्या लक्षात आले की हे वाक्य, हेल धरून, बाबांचे आहे.

अर्जाचे पुढे काही कळेना म्हणून मी कचेरीत गेले. लांबट खोली, भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग, आणि रांगेत बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायांकडे, काठीकडे, प्लास्टरकडे बघतो आहे. ह्याला खरेच गरज आहे का, अशा नजरेने. मीही बघत होते. खिडकीमागच्या माणसाने फाइल काढली, उघडली, आणि ती आपल्या छातीशी अशी धरली की मला नुसती पाठ दिसावी.

"तुमचं प्रकरण थांबलंय."

"का?"

"अर्जदार घरात चालतात अशी माहिती मिळाली आहे."

"कोणाची आई? माझी?"

"अर्जात आई लिहिलंय, म्हणजे तुमचीच असणार."

"ती चालत नाही हो. डॉक्टरांचा दाखला आहे आत."

"दाखला आहे. माहितीही आहे," तो म्हणाला. "दाखले काय, मिळतात. आता पाहणी होईल. न कळवता होईल. त्याशिवाय पुढे सरकणार नाही."

"पण ही माहिती दिली कोणी?"

त्याने फाइल बंद केली. "ते सांगता येत नाही."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तीन माणसे उभी राहिली होती आणि तिघेही मला अपराधी दिसत होते.

पहिल्या वरच्या मावशी. खालच्या दाराशी उताराचा कट्टा करावा लागेल असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आणि माझ्या कुंड्या कुठे ठेवू? डोक्यावर?" नंतर म्हणाल्या, बघू, सरकवू. पण ते "सरकवू" फार सावकाश आले होते. शिवाय त्या रोज दुपारी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायला येत, आणि आईला एक सवय होती : खिडकीच्या गजांना धरून ती क्षणभर उभी राही. हातांच्या जोरावर, पाय नुसते खाली लोंबत. डॉक्टरांनीच सांगितले होते, हात मजबूत राहतील म्हणून. पण रस्त्यावरून वा जिन्यावरून बघणाऱ्याला काय दिसेल? बाई उभी आहे, इतकेच.

दुसरा गवंडी. खर्चाचा अंदाज द्यायला आला होता तेव्हा टेप गुंडाळत म्हणाला होता, "माझ्या ओळखीचा एक आहे तिथे. पुढे ढकलून देईल. त्याचं चहापाणी बघा फक्त." मी नाही म्हटले. त्यावर तो म्हणाला, "बघा बुवा." ते "बघा बुवा" मी आता उलटसुलट करून बघू लागले. त्यात आधी न दिसलेल्या बऱ्याच गोष्टी दिसू लागल्या.

तिसरे नाव मी मनात नुसते घेतले तरी लाज वाटत होती, म्हणून तेच सारखे येत होते.

त्या दिवसापासून मी खिडकीचा पडदा ओढून ठेवला.

"दिवसाढवळ्या?" आई म्हणाली.

"ऊन येतं."

"बरं. चालतं मला."

दुपारी मावशी आल्या. मी दार अर्धेच उघडले. "आई झोपलीय," मी म्हटले. आतून आवाज आला, "कोण आहे गं? मावशी का?" मावशींनी माझ्याकडे पाहिले. माझ्यामागे अंधार होता. वर्तमानपत्राची घडी त्यांनी काखेत आणखी घट्ट धरली. "झोपेत स्पष्ट बोलतात हो तुमच्या आई," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. त्यावरही माझे मत तयार होते : मन साफ असते तर आल्या असत्या.

आई दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून राही. मी टेबलाशी दिवा लावून काम करी. मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढते. मध्येच मी आईला विचारी, "रेडिओ लावू?"

"नको, तुझं काम चाललंय."

"मग नुसती बसतेस?"

"चालतं."

"चहा करू?"

"कर. बिनसाखरेचाही चालेल, डबा शोधत बसू नकोस."

शेवटी मी दादाला फोन केला. विचारायचे कसे ते ठरवून ठेवले होते, आडून, सावकाश. पण तो "काय गं चिमे" म्हणाला आणि ठरवलेले सगळे गेले.

"तू त्या कचेरीत कोणाला काही बोललास का?"

"कुठल्या?"

"आई घरात चालते असं कोणीतरी कळवलंय त्यांना."

तो म्हणाला, "आणि ते कोणीतरी मी असेन असं तुला वाटलं."

"मी विचारतेय नुसतं."

"नुसतं असं कोणी विचारत नाही."

"तुला घर विकायचंय. हे तूच म्हणालास."

"मला आईला माझ्याकडे न्यायचंय हेही मीच म्हणालो. तेवढं बरं तुझ्या लक्षात राहत नाही." मागे त्याच्या घरात कोणीतरी टीव्ही बंद केला. "चिमे, तुला सांगू? बाबा गेले असं मला वाटतच नाही. तू फोन केलास की तेच असतात पलीकडे. दुधात पाणी, पाण्यात काहीतरी."

"उत्तर दे ना सरळ."

"देत नाही," तो म्हणाला. "ठेव फोन."

उत्तर दिले नाही ह्याचा अर्थ काय होतो, ते मी पुढचे काही दिवस घासूनपुसून बघत राहिले. आईने विचारले, "दादाचा फोन नाही बरेच दिवसांत?" मी म्हटले, कामात असेल. ती हो म्हणाली. तिला फोनवरचे सगळे ऐकू गेले होते हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिला.

पाहणीच्या बाई आल्या त्या दिवशी आभाळ भरून आलेले होते. बेल वाजली, दार उघडले, तर खांद्यावर जड पिशवी, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, अशा एक ठेंगण्या बाई उभ्या. त्यांनी ओळखपत्र माझ्या नाकासमोर धरले आणि मी ते वाचत असताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दाराजवळच्या चपलांच्या कप्प्याकडे बघत होत्या. वाकून त्यांनी तपकिरी पट्ट्यांच्या सँडलमधली एक उचलली आणि उलटी केली. तळाला ओला चिखल होता.

"ह्या कोणाच्या?"

"आईच्या," मी म्हटले, आणि म्हणता म्हणता माझे कान तापले. "म्हणजे होत्या. मी वापरते. आमचं माप एकच आहे."

"असं," बाई म्हणाल्या. सँडल जिथून घेतली तिथेच, तशीच ठेवली. "तुमच्या स्वतःच्या नाहीत का?"

माझ्या स्वतःच्या होत्या. खालच्या कप्प्यात, धूळ खात. आईच्या सँडल मी का घालते ह्याला कारण होते, पण ते सरकारी माणसाला सांगण्यासारखे नव्हते. बाबांनी त्या ऑपरेशनच्या आधी आणल्या होत्या, तिला बरे वाटल्यावर घालायला. कोऱ्याच राहिल्या होत्या. कोणीतरी त्या घालायला हव्या होत्या.

आत येऊन बाई थांबल्या. "पडदे का ओढलेत?"

"ऊन येतं."

त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेरचे काळे आभाळ पाहिले. कागदावर काहीतरी लिहिले, आणि लिहिताना ओठांतल्या ओठांत ते पुटपुटल्या : "खोलीत अंधार आहे." पुढे माझ्या लक्षात आले की ही त्यांची खोडच होती. जे लिहीत ते पुटपुटत.

खुर्ची ओढून त्या आईसमोर बसल्या. "काकू, मला तुमच्याशीच बोलायचंय. उत्तरं तुमच्याच तोंडची पाहिजेत. मुलगी मध्ये बोलणार नाही."

"तिला तशी सवय नाही," आई म्हणाली. "पण प्रयत्न करेल."

बाई हसल्या नाहीत. "आंघोळ कुठे करता?"

"इथेच. ही पुसून देते अंग."

"पाणी गरम मिळतं?"

"मिळतं की."

"मिळते," बाई लिहिताना पुटपुटल्या. "रात्री उठावं लागतं?"

"लागतं कधी कधी."

"लागते. कधी कधी." पेन थांबले नाही. "मग उठून काय करता?"

"हिला हाक मारते. भांडं देते ती."

"हाक मारते. भांडे देते. आणि बाथरूमपर्यंत जायचं झालं तर?"

"जात नाही हल्ली. दार अरुंद आहे. उंबराही आहे." आईने हात मांडीवर ठेवले, मग उचलून खुर्चीच्या हातांवर ठेवले. तक्रार करायची वेळ आली की तिचे असे होते. "तसं काही नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात. घरात काय, चालतं."

"घरात," बाई पुटपुटल्या, "चालते."

मी उभी होते ती खाली बसले.

हेच काम मी करते. रोज, पोटासाठी. लेखक बोलल्यासारखे लिहून जातो, मी निवेदनातले टिंब काढते आणि मात्रा देते. "वाटतं"चे "वाटते", "मिळतं"चे "मिळते", "चालतं"चे "चालते". शुद्ध लेखनाचा साधा नियम आहे, हात आपोआप करतो. इतकी वर्षे मी ते करत आले, आणि ह्यात माणूस बदलू शकतो हे माझ्या कधी ध्यानात आले नाही. आई म्हणाली होती, भागते आहे. कागदावर ती चालत होती.

"बाई, थांबा," मी म्हटले. "ती चालतं म्हणाली. तुम्ही चालते लिहिलंत."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"पण त्याचा अर्थ..."

"त्यांनी जे म्हटलं ते लिहिलं मी. शुद्ध करून."

"शुद्ध करूनच चूक झाली ना! चालतं म्हणजे चालून जातं, भागतं. चालते म्हणजे पायांनी."

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की सँडल, पडदा आणि हे मात्रांचे पुराण, सगळे एका माळेत ओवले गेले. मग त्यांनी मागची पाने उलटली. एका जागी बोट ठेवले. "फोनवर चौकशी झाली तेव्हाही हेच सांगितलंय. घरात चालते. आमच्या मुलानं जसंच्या तसं घेतलंय."

"तो गोड बोलणारा?" आई म्हणाली. "त्याला मी म्हटलं असेन तसं. त्यानं विचारलं, घरात कसं काय, तर म्हटलं, घरात काय, चालतं."

मावशींनी नव्हे. गवंड्याने नव्हे. आणि दादाने नव्हे. माझ्या आईने, माझ्या आईबद्दल, माझ्या आईच्या फोनवरून.

"हे बघा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता नुसता थकलेला होता. "गेल्या आठवड्यात एक गृहस्थ पलंगावर पडून होते. कूस बदलता येत नाही म्हणाले, डोळ्यांत पाणी. मी निघाले, वाटेत जरा कागद नीट करत थांबले, तर हे माझ्या पुढून हातात दुधाची पिशवी घेऊन चाललेत, शीळ घालत. तेव्हापासून मी आधी चपला बघते. मला अर्थ सांगू नका. काकू, तुम्ही सांगा. काय लिहू?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटून घेतले. ते फार कठीण गेले.

"मी बसूनच असते हल्ली," आई म्हणाली.

"बसून मीही असते दिवसभर."

"पायांत जोर नाही तितकासा."

"तितकासा म्हणजे किती?"

आई खिडकीकडे वळली. तिथे पडदा होता. बाबा असते तर ह्या क्षणाला त्यांनी मध्ये पडून बाईंना चहा विचारला असता, पाणी आणले असते, काहीही केले असते. ती उत्तराच्या इतकी जवळ कधी एकटी आली नव्हती.

मला राहवेना. "निदान चालतं असं टिंब देऊन लिहा. तिचा शब्द आहे तो."

"सरकारी कागदावर टिंब चालत नाही हो," बाई वैतागून म्हणाल्या.

"मीही चालत नाही," आई म्हणाली.

ती ते सहज बोलली, टिंबाची बाजू घेतल्यासारखे. मग तिचे तिलाच ऐकू आले. तिने खुर्चीचे हात धरले आणि पुन्हा, ह्या वेळी बाईंना, एकेक शब्द खाली ठेवत सांगितले, "मी चालत नाही. मला चालता येत नाही. ऑपरेशन झाल्यापासून."

आमच्या घराच्या भिंतींनी हे वाक्य कधी ऐकले नव्हते. मीही नाही. बाईंचे पेन कागदावर टेकले.

"मी चालत नाही," त्या पुटपुटल्या. त्यात बदलायला काही नव्हते. बोलतो तसेच ते लिहितात.

"चला, दाखवते," आई म्हणाली आणि चाकांना हात घातला. मी मदतीला उठले तर म्हणाली, "तू नको." तिने खुर्ची वळवली, बोळातून नेली, दोनदा भिंतीला घासली, आणि बाथरूमच्या दाराशी चाके उंबऱ्याला लागून थांबली. तिच्या बोटांची मागच्या खेपेला सालटी निघाली होती, त्यातली एक जखम पुन्हा उघडली. "इथपर्यंत मी येते," ती म्हणाली. "इथून पुढे हे न्यायचे. आता हे नाहीत."

बाईंनी पिशवीतून टेप काढली. उंबरा मोजला, दार मोजले. चौकटीवरच्या डागापाशी त्यांचे बोट थबकले.

"हे कशाचं?"

"ह्यांचा हात," आई म्हणाली.

बाईंनी तिथले माप थोडे वर सरकून घेतले. त्या डागाबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, किंवा लिहिले असेल तर पुटपुटल्या नाहीत.

जाताना दारात त्या म्हणाल्या, "कळवतील." चांगल्या अर्थाने की वाईट, ते मी त्यांच्या पाठीवरून ओळखायचा प्रयत्न केला. पाठीवर फक्त पिशवी होती. त्या वळणावर थांबून मागे बघतील असे मला वाटले, आणि त्या थांबल्याच. मी हात हलवला. त्यांनी नाही.

आत आले तर आई म्हणाली, "तो पडदा उघड आधी. मला अंधार चालत नाही."

मी उघडला.

"आणि चहात साखर घाल. बिनसाखरेचा मला कधीच चालला नाही. आणि मावशींना बोलाव. काय सांगायचं ते तुझं तू बघ."

मावशींना मी खरे काय ते सांगितले. ऐकून त्या बराच वेळ हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुला वाटलं मी?" त्या पुन्हा वर्तमानपत्र घेऊन येऊ लागल्या, पण आता मी दार उघडले की "झोपल्यात का?" असे विचारूनच आत शिरतात. दादाला फोन करायला मला जास्त वेळ लागला. मी सगळे सांगून टाकले, टिंबासकट. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "मला वाईट वाटलं चिमे, ते जाणार नाही लगेच." मग म्हणाला, काम सुरू झाले की सुट्टी काढून येतो, गवंड्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवेच.

मंजुरी आली ती कापून आली. पूर्ण खर्च भागणार नव्हता. उरलेला दादाने आणि मी वाटून घेतला. ते कागद हातात येऊनही मी कचेरीत फोन करून दोनदा खात्री करून घेतली. स्वभाव एवढ्यात जात नाही.

गवंड्याने उंबरा फोडला तेव्हा आई बोळात खुर्चीत बसून बघत होती. दादा तिच्या मागे उभा. चौकट निघाली. डाग असलेल्या बाजूचे लाकूड हातात धरून गवंड्याने विचारले, "हे टाकून देऊ का?" मला वाटले, ह्याला विकायचे असेल. मी ते त्याच्या हातातून घेतले. अजून ते माझ्या टेबलामागे भिंतीला टेकून उभे आहे. त्याचे काय करायचे ते ठरलेले नाही.

आईने नवी बाथरूम वापरली त्या सकाळी दादा परत गेला होता. तिने मला बाहेर थांबायला सांगितले आणि सरकते दार आतून ओढून घेतले. आत चाके वळल्याचा आवाज आला, मग दांडीला हात लागल्याचा, मग श्वास धरल्याचा, मग काहीच नाही. मी दाराला कान लावला.

"आई?"

मी दारावर टकटक केली.

"आई, सगळं ठीक ना?"

"चालतं!" आतून आवाज आला.

मी दारावर हात ठेवला. "चालतं म्हणजे काय? नीट सांग."

पाणी पडू लागले, थांबले, पुन्हा पडू लागले.

"म्हणजे पाणी गार आहे," आई म्हणाली. "गीझर बघ. आणि त्या दारापासून हो पाहू लांब."